कणगीतलं बी बाहेर गेलं

श्यामलाआत्या दर अक्षय्य तृतीयेला यायच्या तेव्हा त्यांच्या हातात आंब्यांची पेटी असायची. यंदा हातात फक्त मोबाइल होता, आणि तोही दोन बोटांत, पंचनाम्यातला मुद्देमाल धरावा तसा. मागे त्यांचा मुलगा आमोद. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण चेहरा असा की शाळेत आईला बोलावणं आलंय.

"पन्हं आणू, आत्या?" अपूर्वाने विचारलं.

"साधं पाणी आण. गोड घशाने चौकशी होत नाही."

घ्या. अजून पंख्याखाली बसल्या नाहीत तोवर चौकशी. अपूर्वा स्वयंपाकघरात गेली आणि तिने माठाचं झाकण जरा जोरातच ठेवलं. या घरात सून म्हणून येऊन तिला वीस वर्षं होत आली होती. आत्यांच्या बोलण्याची सवय झाली होती, म्हणजे आता लागत नव्हतं असं अजिबात नाही, पण लागल्याचं तोंडावर दिसत नव्हतं.

चौकशी होती ती कणगीतल्या चोरीची.

कणगी म्हणजे राज्य. कुठल्याही नकाशावर नाही, फक्त या घराच्या दोन लोखंडी ट्रंकांमध्ये आहे. अपूर्वाचे आजेसासरे शरच्चंद्र, म्हणजे घरातले नाना, कसबा पेठेत राहायचे, कोर्टात कारकून होते, आणि त्यांच्या सात पिढ्यांत कोणाकडे वीतभर शेत नव्हतं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आळीतली सगळी पोरं आपापल्या गावाला जायची. यांना जायला गावच नव्हतं. धाकटा सुदर्शन एकदा त्यावरून इतका रडला, की शरच्चंद्रांनी तिथल्या तिथे गाव काढलं आणि मग, काढायचंच तर लहान कशाला, म्हणून आख्खं राज्य काढलं. त्या राज्यात राजा स्वतः नांगर धरतो. सिंहासन धान्याच्या राशीपेक्षा उंच नसतं. उफणणीच्या दिवसांत वाऱ्याला अक्षता देऊन बोलवावं लागतं, नाहीतर तो रुसून शेजारच्या राज्यात जातो. ढगांना चारायला नेणारे गुराखी आहेत. बांध वर्षभर थोडे थोडे चालतात, म्हणून दरवर्षी मोजणी करावी लागते. आणि ठकू नावाची नदी आहे, ती गुरुवारी बसते. सहा दिवस वाहते, गुरुवारी बसते.

शरच्चंद्रांनी राज्य दिलं आणि त्यांचा थोरला मुलगा रंगनाथ, म्हणजे अपूर्वाचे सासरे आणि आत्यांचे दादा, यांनी त्याला दप्तर दिलं. छत्तीस वर्षं जमिनीच्या मोजणीच्या खात्यात काढलेला माणूस. त्यांनी कणगीला गट नंबर लावले, सातबारा केले, फेरफाराची वही घातली. घरातल्या प्रत्येकाला एक शेत. दर अक्षय्य तृतीयेला जमाबंदी, म्हणजे सगळ्यांनी जमायचं, यंदा काय पेरणार ते सांगायचं. रंगनाथराव नोंद लिहिणार, मोठ्याने वाचणार, आणि विचारणार, "हरकत?" हरकत नसली की पेन्सिलीवर शाई. एकदा शाई झाली की नोंद काटायची नाही, चुकली असली तरी नाही. आमोद पाच वर्षांचा असताना त्याने कांदे झाडाला लागतात असं सांगितलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, शाई झाली, आणि तेव्हापासून कणगीत कांदे झाडाला लागतात.

अपूर्वाला शेत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच जमाबंदीला तिचं नाव निघालं आणि आत्यांनी हरकत घेतली. "हिच्या माहेरी यवतमाळला खरी जमीन आहे. कणगी बिनजमिनीच्या माणसांसाठी आहे. हिला कशाला?" रंगनाथरावांनी वहीत लिहिलं, हरकत प्रलंबित. एकोणीस वर्षं ती प्रलंबितच होती. दरवर्षी सगळे पेरणीचं बोलायचे आणि अपूर्वा आमरस ढवळायची. गंमत अशी की त्या सगळ्यांत औताला हात लावलेली एकटी तीच होती.

पाणी घेऊन ती बाहेर आली तोवर तिचा नवरा केदार आणि आमोद समोरासमोर बसले होते. मुलगी स्वराली खिडकीत. रंगनाथराव आपल्या खुर्चीत, मांडीवर फेरफाराची वही, आणि नजर वहीवर.

"दाखव सगळ्यांना," आत्या म्हणाल्या, आणि मोबाइल आमोदच्या हातात दिला.

"आई, सगळ्यांना माहीत आहे. तू आठवडाभर फोन करून सांगतेयस."

"तरी दाखव."

आमोदने खाकरून घेतलं. "नवीन गेम आहे. गेल्या महिन्यात आला. शेतीचं राज्य, राजा नांगर धरतो. वाऱ्याला इन्व्हिटेशन पाठवायचं असतं. गेमचं नाव इंग्लिश आहे, पण नदीचं नाव ठकू."

"आणि कंपनी कुठली?" केदारने विचारलं. केदार बँकेत होता. आवाज न चढवता माणसाला घाम फोडायची त्याची पद्धत होती.

"खराडीची."

"तुझं ऑफिस कुठे रे आमोद?"

"दादा, खराडीत लाखभर लोक काम करतात. आणि मी इन्शुरन्सचं सॉफ्टवेअर लिहितो. नदीबिदी नसते त्यात."

"मी फक्त विचारलं."

"तुम्ही फक्त विचारत नाही, दादा. तुमचं ठरलंय."

आत्यांनी हात वर केला. मुख्याध्यापिका होत्या त्या, हात वर झाला की अजून लोक गप्प बसायचे. "माझा मुलगा चोर असेल तर मी स्वतः त्याचं नाव काटायला सांगेन. सुदर्शनाच्या वेळी या घराने दयामाया केली नाही. आता करायचं कारण नाही."

ते नाव निघालं आणि रंगनाथरावांची बोटं वहीच्या कडेवर थांबली. अपूर्वाने ते पाहिलं, पण तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नाही. सुदर्शनकाकांचं नाव निघालं की या घरात असं व्हायचंच. सत्त्याऐंशी साली त्यांनी मुलांच्या एका दिवाळी अंकात गुरुवारी बसणाऱ्या नदीची गोष्ट लिहिली. कणगी घराबाहेर जाऊ द्यायची नाही असा शरच्चंद्रांचा शेवटचा शब्द होता. रंगनाथरावांनी सख्ख्या धाकट्या भावाचं शेत काढून घेतलं, नाव काटलं. शाई झालेली नोंद काटल्याचं या दप्तरातलं ते एकच उदाहरण. काका नाशिकला गेले आणि परत कसब्यात आले नाहीत. सहा वर्षांपूर्वी वारले. रंगनाथराव तेराव्याला जाऊन आले आणि त्यावर कोणाशीही चकार शब्द बोलले नाहीत.

"ट्रंका या घरात आहेत," आत्या पुढे म्हणाल्या. "किल्ली या घरात आहे. मी वर्षातून एकदा येते. मग बाहेर नेणारं कोण ते या घरातल्यांनी सांगावं." आणि त्यांनी अपूर्वाकडे पाहिलं.

अपूर्वाने नजर चुकवली, पण आत्यांना वाटत होतं त्या कारणाने नाही. गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुपारी ती धुतलेल्या चादरी ठेवायला आतल्या खोलीत गेली, तर ट्रंक उघडी आणि स्वराली पानांमागून पान मोबाइलवर टिपत होती. आईला बघून पोरीने मोबाइल पाठीमागे घेतला. अपूर्वाने विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू करत सहा महिने गेले. आत्यांचा पहिला फोन आला तेव्हापासून तिने तो गेम उघडून बघायचंही टाळलं होतं. बघितलं आणि पोरीचीच करणी निघाली तर? आजोबांवर जीव टाकणारी एकुलती एक नात, आणि त्यांनीच तिचं नाव काटायचं. सुदर्शनकाकांच्या वेळी त्यांनी मागेपुढे पाहिलं नव्हतं म्हणतात.

म्हणून तिने जे करायला नको होतं ते केलं. "आमोदभावजी," ती म्हणाली, "गणपतीत तुमच्याबरोबर तुमचे दोन मित्र जेवायला आले होते ना? ते कुठल्या कंपनीतले?"

आमोदने तिच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "वहिनी, तुम्हीपण?"

"मित्र आले होते," केदार लगेच म्हणाला. "बाबांनी त्यांना नकाशा दाखवला होता. मला आठवतंय."

"भिंतीवरचा पुण्याचा नकाशा दाखवला होता."

"ते तू म्हणतोस."

"मी म्हणतो? मग मी आणखी एक म्हणतो." आमोद उठला. "स्वरालीच्या मोबाइलमध्ये वह्यांचे फोटो आहेत. सगळ्या वह्यांचे. तिने मला स्वतः पाठवले होते, शाई उडालेल्या ओळी वाचता येतात का विचारायला. मी आईला सांगितलं नाही. कारण मला वाटलं, इथे आपण एकमेकांना सांभाळून घेतो."

केदारने मान वळवून मुलीकडे पाहिलं.

"हो, काढले फोटो," स्वराली म्हणाली. "सो व्हॉट? पहिल्या वहीतलं अर्धं उडालंय. आजोबांच्या एक्क्याऐंशीव्या वाढदिवसाला मी टाइप करून, बाइंड करून देणार होते. सरप्राइज होतं. आता झालं सरप्राइज."

"आणि टाइप करताना कोणाला दाखवलंस?" आत्यांनी विचारलं.

"कोणालाच नाही."

"मैत्रिणीला?"

"नाही म्हटलं ना आत्याआजी."

"मोबाइल इकडे दे."

"नाही देणार."

"दे तो," अपूर्वा मध्येच म्हणाली, आणि तिने स्वरालीचा नाही, आमोदच्या हातातला मोबाइल घेतला. आत्यांसमोर पोरीचा मोबाइल जाण्यापेक्षा आपण काहीतरी बघितल्यासारखं करावं, एवढाच तिचा विचार होता. पडद्यावर हिरवंगार शिवार. तिने बोट फिरवलं. खळं, राशी, वारा. दक्षिणेला काळ्या मातीचा एक लहानसा तुकडा, मालकाचं नाव नसलेला. बांधावर बोर. बांधाशी एक बैल उभा. डावं शिंग खाली वळलेलं.

तिने बैलावर बोट ठेवलं. बैल हलला नाही. पडद्यावर अक्षरं आली: आज कोणता वार आहे ते सांगा, मग तो वळेल.

अपूर्वाचे कान गरम झाले. पाखऱ्या. तिच्या वडिलांचा बैल. नांगराचं तास संपलं की बांधाशी ठाण मांडायचा आणि कोणी त्याला वार सांगितल्याशिवाय वळायचा नाही. वडील कमरेवर हात ठेवून सांगायचे, बुधवार हाय रे बावा, बुधवार, तेव्हा कुठे स्वारी फिरायची. हे केदारला माहीत नव्हतं. स्वरालीला माहीत नव्हतं. पुण्यात हे तिने एकाच माणसाला सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आत नेईपर्यंत त्यांना धीर यावा म्हणून बोलत बसली होती, तेव्हा.

"बाबांची थेंब घालायची वेळ झाली," ती म्हणाली.

"चौकशी चालू आहे," आत्या म्हणाल्या.

"डोळे थांबत नाहीत, आत्या."

आतल्या खोलीत रंगनाथराव पलंगावर आडवे झाले. अपूर्वाने एका डोळ्यात थेंब घातला, मग दुसऱ्यात. डॉक्टरांनी सांगितलेलं, थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून राहायचं. तिने ते मिटू दिले.

"बाबा, पाखऱ्या तिकडे कसा गेला?"

ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "दोन पोरं आली होती. गेल्या जूनमध्ये. तुम्ही सगळे कामावर असताना. जुन्या काळी साखळी टाकून मोजणी कशी करायचे ते विचारायला. कोणीतरी माझं नाव सांगितलं होतं त्यांना. टेबलावर ठकूकाठचा पट्टा पसरलेला होता. त्यातला एक म्हणाला, आजोबा, हे कुठलं गाव?"

"आणि तुम्ही सांगितलंत."

"पहिल्या दिवशी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला. म्हणाला, रात्रभर डोक्यातून जात नाही. ही नदी गुरुवारी का बसते?" त्यांनी उशीवरची मान तिच्याकडे वळवली. "अपूर्वा, या घरात हे शेवटचं कोणी विचारलं होतं, आठवतं तुला? तुम्ही वर्षातून एकदा बसता, आमरस खाता, हरकत नाही म्हणता आणि उठता. त्या पोराने विचारलं. मी तीन दुपारी बोलत होतो. कागदावर सही मागितली, तीही केली. म्हटलं, माझ्यामागे निदान कुठेतरी राहील."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून अपूर्वाला फार लागलं. पण बाहेर आत्यांचा आवाज चढत होता.

"मग बाहेर येऊन सांगा एवढं."

"सुदर्शनाला काय सांगू?"

"ते आता नाहीत, बाबा. बाहेर आहेत ती जिवंत आहेत. आमोदभावजींवर मी आत्ता चिखल उडवून आले, तुमच्यामुळे. स्वरालीला आत्या सोडणार नाहीत."

"मी स्वरालीचं नाव काटणार नाही."

"आणि आमोदचं?"

रंगनाथरावांनी भिंतीकडे कूस वळवली. तिला त्या माणसाची इतकी वर्षं काळजी वाटत आली होती, आणि आत्ता, या क्षणी, त्याचा मनस्वी राग आला.

"छान. पोरांनी एकमेकांची गचांडी धरायची आणि तुम्ही डोळ्यांत थेंब घालून पडून राहायचं," ती म्हणाली आणि बाटलीचं झाकण लावून बाहेर आली.

बाहेर स्वराली उभी होती. डोळे लाल, हनुवटी वर. "काटा माझं नाव. नकोच मला तुमचं राज्य. स्वतःच्या माणसांवर विश्वास नाही, कसली शेती करताय?"

"बघितलंस?" आत्या केदारला म्हणाल्या. "उत्तर नसलं की माणूस उठून उभा राहतो."

मघाशी आमोदला घाम फोडणारा आपला नवरा मुलीच्या वेळी मुका झालेला अपूर्वाने बघितला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"मी दिलं."

"काय दिलंस?" केदारने विचारलं.

"कणगी. त्या कंपनीला. मी सांगितलं सगळं."

"आई, काहीही काय," स्वराली म्हणाली. "तुला साधं लोकेशन पाठवता येत नाही."

"तोंडाने सांगितलं. त्याला काय लागतं?"

आत्या मागे टेकल्या. त्यांना आनंद झाला असता तर अपूर्वाला त्यांचा राग करता आला असता, पण त्या नुसत्या दमलेल्या दिसत होत्या. "मला वाटलंच होतं. दादा, ये बाहेर. हिचं नाव काट."

"काटायला आधी नाव हवं ना, आत्या," अपूर्वा म्हणाली. "माझं कुठे आहे ते शोधा. मी स्वतः काटते."

आमोद हसला. हसायची वेळ नव्हती, पण त्याला आवरलं नाही.

रंगनाथराव दारात उभे होते. कधीपासून, ते कळलं नाही. ते येऊन खुर्चीत बसले, वही उघडली, शाईचं पेन उघडलं. जमाबंदीत जे ठरेल ते त्यांच्याच हाताने लिहायचं आणि त्यांनीच वाचायचं, ही रीत. त्यांनी क्रमांक लिहिला. तारीख लिहिली. कारण लिहिलं. मग पुढच्या रकान्याशी पेन थांबलं.

नोकरीत असताना एका साहेबाने त्यांना खोटी नोंद करायला सांगितली होती. त्यांनी केली नाही, म्हणून त्यांची लांब बदली झाली, आणि तीन वर्षं ते दर शनिवारी एस.टी.ने घरी येत. ही गोष्ट घरात सगळ्यांची पाठ होती. न बोलता राहणं त्यांना जमत होतं. सुदर्शनाच्या बाबतीत अडतीस वर्षं जमलं होतं. न बोलण्याला कुठल्या वहीत रकाना नसतो. पण इथे रकाना होता, आणि त्यात अपूर्वाचं नाव लिहायचं होतं, आपल्या अक्षरात.

पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी लिहिलं, आणि चष्मा सारखा करून, ऑफिसात वाचत तसं, एकसुरी वाचलं.

"फेरफार क्रमांक चारशे बारा. कारण, कणगीचं बी राज्याबाहेर दिलं. देणार, रंगनाथ शरच्चंद्र. हरकत?"

केदार वडिलांकडे बघत होता, आमोद जमिनीकडे.

"आणि सुदर्शन?" आत्यांचा आवाज पहिल्यांदाच मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता. बहिणीचा होता. "त्याने चार पानांची गोष्ट लिहिली होती, दादा. चार पानं."

रंगनाथरावांनी ट्रंकेतून पहिली वही काढायला लावली. स्वरालीने काढून दिली. शरच्चंद्रांच्या अक्षरातलं बारावं पान. त्यांनी तेही वाचलं. "कणगीतलं बी कोणी चोरलं तर त्याला शेत द्यावं. ज्याला पुरेसं शेत आहे तो बी चोरत नाही."

लग्न झाल्यावर अपूर्वाने हे पान वाचलं होतं आणि पोट धरून हसली होती. चोराला शेत? माझ्या बापाने चोराला चाबूक दाखवला असता. आज तिला हसू आलं नाही.

"हे सत्त्याऐंशी साली कुठे होतं?" आत्यांनी विचारलं.

"इथेच. बाराव्या पानावर."

"तू वाचलं नाहीस?"

"वाचलं होतं," रंगनाथराव म्हणाले. "वाचून दाखवलं नाही. त्याची गोष्ट छापून आली, माझं दप्तर ट्रंकेत होतं. मला राग आला होता."

आत्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या, पुसून झाला तरी पुसत राहिल्या. "त्याचा गट त्याच्या नावावर लाव. आत्ता. पुढचं काहीही लिहिण्याआधी."

रंगनाथरावांनी लावला. वाचला. हरकत विचारली. सगळ्यांनी, अगदी एका सुरात, नाही म्हटलं.

अपूर्वा उठली. आमरस फ्रिजमधून काढायचा होता, आणि डोळेही पुसायचे होते.

"बस खाली," आत्या म्हणाल्या. "तुझं राहिलंय."

"मी चोर निघाले नाही, आत्या. मला कायदा लागू होत नाही."

"दोन हजार सहाची एक हरकत आहे. माझी. ती मागे घेते. लिही रे दादा." आणि मग, अपूर्वाकडे न बघता, "दुसऱ्याचा आळ स्वतःवर घेताना इतका चेहरा पाडू नये. कोणालाही कळतं."

रंगनाथरावांनी ट्रंकेच्या तळातून घडी घातलेला कागद काढला. काळ्या मातीचा तुकडा, बांधावर बोर, गट नंबर एकाहत्तर. सगळं पेन्सिलीत. कोपऱ्यात तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. बैल मात्र अलीकडचा, त्याच्या रेघा अजून काळ्या होत्या. केदार कितीतरी वेळ तो कागद बघत राहिला. त्याने त्यातलं काहीच ओळखलं नाही, आणि ते त्याला कळल्याचं त्याच्या तोंडावर दिसलं. रंगनाथरावांनी पेन्सिलीवरून शाई फिरवायला घेतली. हात हळू चालत होता.

"पीक काय लिहू?"

"कांदे," अपूर्वा म्हणाली. "जमिनीत."

आमोदने तोंड उघडलं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "नाही, हरकत नाही," तो म्हणाला. "एकतीस वर्षं वाट बघतोय कोणीतरी म्हणेल म्हणून."

"मघाशी बोलले ते चुकलं माझं, भावजी."

"माहीत आहे, वहिनी. आमरस जास्त वाढा."

शाई वाळायला थोडा वेळ लागणार होता. एरवी याच वेळी सगळे उठायचे, ताटं घ्या म्हणायचे. अपूर्वा उठली नाही.

"बाबा," तिने विचारलं, "नदी गुरुवारी का बसते?"

रंगनाथरावांनी पेनाला टोपण लावलं. "आई," ते म्हणाले. "आपल्या जुन्या जागेत नळ खाली अंगणात, खोल्या तिसऱ्या मजल्यावर. आई सहा दिवस पाणी वर आणायची, कळशीवर कळशी. गुरुवारी तिचा उपास. त्या दिवशी नाना तिला उठू द्यायचे नाहीत, स्वतः भरायचे. सुदर्शन लहान होता. त्याने विचारलं, आई आज नुसती का बसलीय? नाना म्हणाले, आज ठकू बसली आहे."

"आईचं नाव कौशल्या," आत्या म्हणाल्या.

"सासरचं. माहेरी ठकू म्हणायचे. नाना एकटे असले की त्याच नावाने हाक मारायचे."

श्यामलाआत्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, आणि हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. त्यांनी अपूर्वासमोरचा मोबाइल उचलला आणि पडद्यावर बोट फिरवत नदीपर्यंत गेल्या. हळू, सवय नसल्यासारखं.

"आई, वकिलांना सोमवारी फोन करतो," आमोद म्हणाला. "नोटीस पाठवली की काढून टाकतील सगळं. माझ्या ओळखीचे आहेत एक."

केदारने आत्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. खेळात आज गुरुवार असावा, कारण पाणी थांबलं होतं.

"नको," आत्या म्हणाल्या. "बसू दे तिला."